पत्ता नसलेल्यांचा खटला

सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर काही लिहून द्या, असे संपादक मंडळाने मला सांगितले, म्हणून ऑफिसातल्या जुन्या फायली काढून बसलो. ती वाटचाल या अंकात दुसरीकडे आलीच आहे. पण फायली चाळताना दोन कागद हाताला लागले आणि त्यांनी मला दोन दिवस झोपू दिले नाही, म्हणून हा वेगळा लेख.

पहिला कागद एका थकबाकीदार सभासदाला पाठवलेल्या नोटिशीचा. नाव सांगत नाही, आता सगळी बाकी चुकती झाली आहे. या सभासदाला आपण तीन स्मरणपत्रे पाठवली, मग कमिटीपुढे बोलावून त्याचे म्हणणे ऐकले, मग सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली अर्ज केला. तिथेही त्याला तारखा मिळाल्या. एकूण चौदा महिने गेले. दुसरा कागद जून २००९ चा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लिहिलेल्या पत्राची स्थळप्रत. मागच्या गेटबाहेर फुटपाथवर प्लॅस्टिकच्या दोन झोपड्या झाल्या आहेत, त्या त्वरित हटवाव्यात, अशी विनंती. चौथ्या दिवशी गाडी आली. पत्राखाली 'मानद सचिव' म्हणून सही माझी आहे. जावक क्रमांकही माझ्याच अक्षरात आहे. या पत्राकडे मी शेवटी परत येणार आहे.

योगायोग असा की आपल्या सोसायटीला २५ वर्षं होत असताना, याच जुलै महिन्यात, मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या एका खटल्याच्या निकालाला ४० वर्षं झाली. 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका', निकालाची तारीख १० जुलै १९८५. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा निकाल तोंडपाठ असतो. इतरांना नावही माहीत नसते. मलाही निवृत्तीनंतर एका वकील स्नेह्याने निकालपत्र वाचायला दिले तेव्हा कळले की ज्या गोष्टी मी रोज ऑफिसला जाताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्यावरच हा खटला उभा होता.

तर थोडे मागे जाऊ. मी बी. कॉम. होऊन १९७२ साली चिपळूणहून मुंबईला आलो. लालबागला मामांची दहा बाय बाराची खोली. तिथे आम्ही नऊ जण. मी आणि दोन मामेभाऊ गॅलरीत झोपायचो. मे महिन्यात गॅलरीतही जीव घाबरायचा, मग वळकटी उचलून सरळ खाली फुटपाथवर. आमच्या चाळीतले निम्मे पुरुष उन्हाळ्यात खालीच झोपत. पलीकडे दहा पावलांवर पोत्यांच्या आडोशाला राहणारी दोन-चार कुटुंबेही तिथेच झोपलेली असत. रात्री बारा वाजता कोणी फोटो काढला असता तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक करता आला नसता. फरक होता तो कागदावर. मामांच्या रेशनकार्डात माझे नाव चढले होते. बँकेच्या अर्जावर मी तोच पत्ता टाकला आणि १९७३ साली कारकून म्हणून लागलो.

फुटपाथवर माणसं का राहतात, याला त्या काळी आमच्या चाळीत ठरलेले उत्तर असे, 'गावी चांगली शेती आहे त्यांची, इथे फुकट मिळतंय म्हणून येतात.' खरी कारणे साधी होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, नवीन भाड्याच्या खोल्या बांधणे परवडेना, आणि असलेल्या खोलीसाठी पागडी मागू लागले. पागडी कुठून आणायची? झोपडपट्टीत जागा होती ती लांब, आणि हातावर पोट असणाऱ्याला गोदी, भाजीबाजार, गोदाम याच्या चालत्या अंतरावर राहणे भाग असे. रोज रेल्वेचे पैसे मोजले तर मजुरीतून उरणार काय? त्यात १९७२ चा दुष्काळ आला. नगर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर या भागांतून माणसांचे लोंढे मुंबईत उतरले. ते मी स्वतः पाहिले, कारण मीही त्याच साली उतरलो होतो. फक्त मला घ्यायला मामा बोरीबंदरला आले होते.

आता १९८१. मी तेव्हा ताडदेवच्या शाखेत सेव्हिंग्जच्या काउंटरवर होतो. एक मध्यमवयीन माणूस खाते उघडायला आला. एका गिरणीत बदली कामगार, जवळच तुळशीवाडीच्या बाजूला फुटपाथवर राहणारा. तेव्हा खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. शेजारच्या किराणा दुकानदाराने ती आनंदाने दिली. अडले ते पत्त्याच्या रकान्यात. त्याने सांगितले, 'अमक्या दुकानासमोरचा फुटपाथ.' मी अर्ज घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, 'उद्या पत्र कुठे पाठवशील?' नियमाने त्यांचे चुकले नव्हते. मी अर्ज परत केला. तो माणूस रागावला नाही. 'ठीक आहे साहेब, शेटजींकडेच ठेवतो,' म्हणाला. आपला पगार त्याने पुढेही त्या दुकानदाराकडे ठेवला असणार, बिनव्याजी.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. कारण असे दिले की हे जगणे अमानुष आहे, पावसाळ्यात या आडोशांत माणसाला राहता येत नाही. म्हणून भर पावसाळ्यात ते आडोसे मोडायचे ठरले. ऑफिसात आम्ही बहुतेक सर्व जण खूश होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी नाराज नव्हतो. आठवडाभरातच पालिकेच्या गाड्या आणि एस.टी. च्या बसेस फिरू लागल्या.

'कामराजनगर' नावाची सुमारे पाचशे झोपड्यांची एक वस्ती वेस्टर्न एक्सप्रेस हायवेजवळ होती. आपल्या सोसायटीपासून हायवे किती लांब आहे ते आपण सगळे जाणतो. रात्री ट्रकचे हॉर्न घरात ऐकू येतात. ही वस्ती साधारण १९६०-६१ साली उभी राहिली. कोणी उभी केली? हायवेलगत पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या कंत्राटी कामगारांनी. काम संपले, कामगार तिथेच राहिले. पुढे त्यांच्यात पालिकेचे नोकर होते, कारखान्यांत, हॉटेलांत काम करणारे होते, बांधकामावरचे सुपरवायझर होते. हे लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २१ जुलैला १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या तोडणार नाही, असे सरकार पक्षाने कबूल केले. तरीही २३ जुलैला लोकांना एस.टी. च्या बसमध्ये कोंबून शहराबाहेर नेले, अशी त्यांची तक्रार होती. त्या प्रवासात दोन मुले जन्मली आणि दोन मुले दगावली, हे याचिकाकर्त्यांचे म्हणणे निकालपत्रात नोंदलेले आहे. मी ती ओळ वाचली तेव्हा माझ्या मुलीचे वय मोजून पाहिले. ती त्या महिन्यात तीन महिन्यांची होती.

याचिका सर्वोच्च न्यायालयात पोचली. ओल्गा टेलिस या मुंबईच्या पत्रकार, त्यांच्या नावाने खटला प्रसिद्ध झाला. सोबत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना होती, कामराजनगरचे आणि माहीमच्या तुळशी पाइप रोडचे रहिवासी होते. बाजू मांडणाऱ्या वकिलांत इंदिरा जयसिंग होत्या. पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते दोन साधे याचिकाकर्ते. त्यांची नावे इथे देण्याची गरज नाही, हिशेब मात्र देतो, कारण बँकवाल्याला आकडे दिसल्याशिवाय माणूस दिसत नाही.

पहिला तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले, १९६१ साली मुंबईत आला. दहिसरला एका केमिकल कंपनीत रोज २३ रुपयांवर काम मिळाले. हायवेच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडपट्टीच्या दादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले. म्हणजे शंभरावर दिवसांची मजुरी. त्या आडोशात तो, बायको आणि १६, १३ आणि ५ वर्षांच्या तीन मुली. २३ जुलै १९८१ ला तो आडोसा पाडला आणि सगळ्यांना सेलमच्या बसमध्ये बसवले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला.

दुसरा आपल्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. चांभारकामावर दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातले घर पडले, १९६९ ला मुंबई गाठली. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार. तुळशीवाडीला फुटपाथवरच्या जागेसाठी तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. 'फुकट राहतात' म्हणणाऱ्या आम्हा चाळवाल्यांना हे ठाऊक नव्हते. फुटपाथलाही पागडी होती! तुळशीवाडी, बदली कामगार हे शब्द वाचून मी चमकलो. माझ्या काउंटरवर आलेला माणूस हाच होता, असे मी म्हणत नाही. तिथे असे शेकड्यांनी होते. पण हा असता तरी मी त्याला परतच पाठवले असते.

खटल्यातला वाद काय, ते थोडक्यात सांगतो. कायद्याच्या बाबतीत मी अडाणीच, पण बँकेत तीस वर्षे करारमदार वाचून थोडी सवय झाली आहे. मुंबई महापालिका कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यावरचे, फुटपाथवरचे अतिक्रमण आयुक्तांना 'नोटीस न देता' काढता येते. पालिकेचे म्हणणे, यांनी सार्वजनिक जागा बळकावली आहे, यांच्याकडे द्यायला उत्तरच नाही, तर यांचे ऐकून घ्यायचे कशाला? शिवाय उच्च न्यायालयात यांनी स्वतःच सांगितले आहे की फुटपाथवर झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर अडथळा करणार नाही. आता कसला हक्क?

याचिकाकर्त्यांचे म्हणणे असे की घटनेचे कलम २१ प्रत्येकाच्या जीविताला संरक्षण देते. जगायचे तर कमवायला हवे, आणि कामाच्या जागेजवळ राहिल्याशिवाय आम्हाला कमावता येत नाही. राहण्याची जागा काढली की काम जाते, काम गेले की जीव जातो. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच येतो. आणि भारतात कुठेही राहण्याचा हक्क कलम १९ ने दिला असताना सरकार आम्हाला 'गावी परत' कसे पाठवते?

घटनेत 'घराचा हक्क' अशा शब्दांत कुठेच नाही. मार्गदर्शक तत्त्वांत उपजीविकेची पुरेशी साधने, कामाचा हक्क वगैरे आहे, पण ती तत्त्वे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. वसूल होते ते कलम २१. आणि या कलमाचा स्वतःचाच इतिहास मोठा विचित्र आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असे ठरवले होते की आणीबाणी असेतो या कलमाखाली अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येणार नाही. त्या चार न्यायमूर्तींत एक होते यशवंत विष्णु चंद्रचूड, मूळ खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. पुढे १९७८ ला मनेका गांधी खटल्यात वारे फिरले. कायद्याने ठरवलेली पद्धत नुसती पद्धत असून चालत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी, असे न्यायालय म्हणाले. तेच चंद्रचूड १९७८ ला सरन्यायाधीश झाले, सात वर्षं राहिले, आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी फुटपाथवाल्यांचा हा निकाल वाचला. पाच जणांचे घटनापीठ, एकमताचा निकाल. माणसाला आपले जुने चुकलेले खाते बंद होण्याआधी थोडे तरी भरावेसे वाटत असेल का? हा माझा तर्क, निकालपत्रात असे काही नाही.

निकाल काय लागला, हे लोक अर्धवट सांगतात. वकील मंडळी म्हणतात, गरीब जिंकले. पालिकेचे लोक म्हणतात, पालिका जिंकली. दोघांचेही खरे आहे.

न्यायालयाने मान्य केले की उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. मूलभूत हक्क कोणी कोर्टात सोडून देतो म्हटले तरी सुटत नाही, कारण तो त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. हा मुद्दा मला फार आवडला. हमीपत्रावर अंगठा घेतला की माणूस बांधला गेला, असे आम्ही बँकेत धरून चालायचो. मग नोटिशीचा प्रश्न. कलम ३१४ रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ असा लावला की नोटीस न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. एरवी नोटीस द्यायची, म्हणणे ऐकायचे. अगदी तातडी असेल तेव्हाच हे टाळायचे. 'यांच्याकडे उत्तरच नाही' हा पालिकेचा मुद्दा न्यायालयाने साफ नाकारला. ज्याच्यावर कारवाई होणार त्याला बोलू देणे याला स्वतःची किंमत आहे, मग त्यातून निष्पन्न काही होवो न होवो. फुटपाथवरची माणसं गुन्हेगार असतात, हे सरकारचे म्हणणेही मानले नाही. ती कष्ट करून खाणारी माणसं आहेत, असेच निकालपत्र म्हणते.

आणि लगेच दुसरी बाजू. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे घर करण्याचा हक्क कोणालाही नाही. (हेही बरोबरच आहे. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून मी काठी घेऊन चालतो. फुटपाथ अडलेला असला की रस्त्यावर उतरावे लागते आणि मागून रिक्षा येते. हे मी विसरलेलो नाही.) गंमत अशी, की न्यायालय म्हणाले, एरवी आम्ही आयुक्तांना सांगितले असते की आधी यांचे म्हणणे ऐका. पण आयुक्तांनी नाकारलेली संधी यांना आमच्यापुढे भरपूर मिळाली आहे, तेव्हा आता पुन्हा ऐकण्याचे कारण नाही. म्हणजे सुनावणीचा हक्क मिळाला आणि त्याच निकालात वापरूनही संपला! शेवटी आदेश झाला तो पावसाळ्याचा: ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणालाही हटवू नये. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मालवणीला किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी जागा द्यावी, पण जागा दिल्याशिवाय हटवू नये अशी अट मात्र घातली नाही. वीस वर्षांपेक्षा जुन्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जागा लागल्याखेरीज हटवू नयेत.

मला विचाराल तर त्या माणसांच्या पदरात घर पडले नाही. पडली ती नोटीस. ही काय मोठी गोष्ट, असे आपल्याला वाटेल. आपल्याला वाटते, कारण ती आपल्याला न मागता मिळते. बँकेचे कर्ज थकवणाऱ्याची मालमत्ता ताब्यात घ्यायची तर २००२ च्या सरफेसी कायद्याने आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मी स्वतः अशा नोटिसा काढल्या आहेत. लोक कोटी कोटी बुडवून त्या नोटिशीला तीन पानी उत्तर पाठवायचे, आणि आम्ही ते वाचायचो. आपल्या सोसायटीतून एखाद्या सभासदाला काढायचे म्हटले तर सहकार कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागते, त्याआधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते, आणि वर निबंधकांची मंजुरी. गळतीची तक्रार असली तरी आपण वरच्या मजल्यावाल्याला आधी पत्र देतो.

निकालानंतरची हकीकत लांबण लावत नाही. १९८५ सालीच स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. अहवालाचे नाव 'वी, द इन्व्हिजिबल'. तिथल्याच बायकांनी पुढे 'महिला मिलन' उभारले आणि बचतगट चालवले. बँका ज्यांचे खाते उघडत नव्हत्या त्या बायका रोज रुपया-दोन रुपये जमा करून हिशेब ठेवू लागल्या! १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांनाही पहिल्यांदा पुनर्वसनाला पात्र धरले गेले, त्यामागे या बायकांचा वाटा मोठा आहे. न्यायालयानेही पुढे १९९० च्या आणि १९९६ च्या निकालांत निवारा हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट म्हटले. २०१३ च्या केंद्राच्या योजनेत शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक रात्रनिवारा असे प्रमाण ठरवले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपल्या परिसरात एखादा कोणाला दिसला असेल तर मला जरूर सांगा.

त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री बेघरांची मोजणी झाली होती. देशात सुमारे १७ लाख ७० हजार, महाराष्ट्रात दोन लाखांवर, मुंबईत सुमारे ५७ हजार. रात्री का, तर दिवसा ही माणसे कामावर असतात. मतदारयादीचाही असाच एक नियम आहे, तो कळला तेव्हा मला फार बरे वाटले. बेघर माणसाने मतदार म्हणून अर्ज केला तर त्याला पत्त्याचा कागद मागायचा नाही. निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो तिथे खरोखर झोपतो का हे पाहायचे. झोपतो, एवढाच पुरावा. बँकांनाही शहाणपण आले, थोडे उशिरा. डिसेंबर २०१० पासून 'लहान खाते' निघाले. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, बस. शिल्लक ५० हजारांपर्यंत. मी त्याआधीच निवृत्त झालो होतो. ताडदेवच्या त्या माणसाला हे खाते एकोणतीस वर्षे उशिरा मिळाले असते.

गेल्या वर्षी १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या कारवायांवर मोठा निकाल दिला. न्या. भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन. कोणतेही बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, सुनावणीची लेखी नोंद. वर्तमानपत्रे भरभरून लिहीत होती. मी शेवटपर्यंत वाचले. त्यात एक अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे घरवाल्याला नोटीस पक्की झाली. फुटपाथवाल्यापाशी अजून चाळीस वर्षांपूर्वीचा ओल्गा टेलिसच आहे.

आता ते २००९ चे पत्र. जुन्या सभासदांना आठवत असेल. मागच्या गेटबाहेर भिंतीला लागून दोन कुटुंबे राहत होती. सर्वसाधारण सभेत विषय निघाला. कचरा होतो, मुले उघड्यावर बसतात, चोऱ्या होतील. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या. तिसरी आम्ही भीतीने घातली, चोरी एकही झाली नव्हती. ठराव एकमताने झाला. विरोधात मीही नव्हतो. मी फक्त सचिव म्हणून सही केली, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो.

ती माणसे कोण होती, हे तेव्हा आपण विचारले नाही. नंतर आपल्या त्या वेळच्या वॉचमनने मला सांगितले. त्यातला एक म्हातारा आपल्याच इमारतीच्या बांधकामावर सेंटरिंगला होता. १९९८-९९ ला आज बाग आहे तिथे पत्र्याच्या खोपटांत मजूर राहत, ते ताबा मिळायच्या आत बिल्डरने उठवले. बाकीचे पुढच्या साइटवर गेले. हा आजारी होता, इथेच राहिला. कामराजनगरची पाइपलाइन आणि आपली सोसायटी यांत फारसे अंतर नाही.

गाडी आली तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते आणि पाऊस लागला होता. मोठी माणसं कामावर. प्लॅस्टिक, भांडी, एक पत्र्याची पेटी, एका मुलाचे दप्तर, सगळे गाडीत गेले. मी गॅलरीतून पाहत होतो. खाली उतरलो नाही.

त्या कुटुंबातली एक बाई आपल्या बी विंगमध्ये दोन घरी भांडी घासायला यायची. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. गेटवर माझी गाठ पडली. मला वाटले, ओरडेल, शिव्या देईल. मी मनाशी उत्तर तयार केले होते, की ठराव सर्वांचा आहे. तिने नुसते एवढेच म्हटले, 'काका, आधल्या दिशी सांगितलं असतं तर सामान तरी हलवलं असतं. पोराची पुस्तकं भिजली नसती.' आणि ती कामाला वर गेली. महिन्याभराने तिने काम सोडले, कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

फायलीत सभेचा ठराव आहे, पत्र आहे, वॉर्ड ऑफिसची पोच आहे. कारवाई झाल्याबद्दल आपण पाठवलेले आभाराचे पत्रही आहे, तेही माझ्याच सहीचे. तिचे म्हणणे तेवढे कुठे नोंदलेले नाही. ते या अंकात नोंदवून ठेवतो.